ठळकपणे खाली आलेली मूठ

माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याला कायद्याच्या दृष्टीने काही स्थान असेल, अशी शंका मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत आलेली नव्हती. लहानपणी दुसऱ्याच्या कैऱ्या पाडण्यासाठी वापरलेली बेचकी तेवढी बेकायदेशीर होती, आणि तिचा निकाल आमच्या शेजारच्या आजोबांनी जागच्या जागी लावला होता. २०२१ च्या वसंतात कंपनीने माझी टेक्सासातल्या ह्यूस्टनहून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला बदली केली आणि घरातल्या सामानाची यादी करताना सोफा, मिक्सर, देव्हारा यांच्यानंतर माझी रायफल आली. बायकोने पेन थांबवून विचारले, "ही तिकडे चालते का रे?" मी म्हणालो, "न चालायला काय झालं? देश तोच आहे."

रायफल माझ्याकडे कशी आली, हे सांगितले पाहिजे. कोल्हापूरकर म्हटले की लोकांना तांबडा-पांढरा रस्सा आठवतो, पण आमच्या गावाने नेमबाजही दिले आहेत. २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत तेजस्विनी सावंतने सुवर्णपदक मिळवले तेव्हा मी ह्यूस्टनमध्ये नवखा होतो आणि त्या आठवड्यात भेटलेल्या प्रत्येक अमेरिकन माणसाला मी तिच्या गावचा असल्याचे सांगत होतो. पुढे नागरिकत्व मिळाल्यावर एकाने मला शनिवारी रेंजवर नेले आणि वर्षभरात मी एआर-१५ पद्धतीची, म्हणजे लष्करी रायफलीसारखी दिसणारी, एक रायफल विकत घेतली. टेक्सासात बंदुकीची सरकारदरबारी नोंदणी करण्याची पद्धतच नसल्यामुळे, माझ्याकडे रायफल आहे हे बायको, रेंजवरचे चौघे आणि कोल्हापूरचे काका सोडून कोणाला ठाऊक नव्हते.

कॅलिफोर्नियाचे तसे नाही. १९८९ च्या जानेवारीत स्टॉकटन गावातल्या प्राथमिक शाळेच्या मैदानावर एका माणसाने गोळीबार केला आणि पाच मुले मरण पावली. त्यानंतर त्याच वर्षी राज्याने 'असॉल्ट वेपन' या वर्गाचा कायदा केला. त्यामागच्या कारणाची चेष्टा करण्याची माझी इच्छा नाही आणि हिंमतही नाही. गंमत आहे ती मोजमापाची. पहिल्या कायद्यात बंदुकांची नावे लिहिली होती, तेव्हा कारखानदारांनी बंदुका त्याच ठेवून नावे बदलली. म्हणून १९९९ मध्ये नवा कायदा झाला आणि त्यात नावांऐवजी अवयवांचे वर्णन आले. सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर ठोका बसून उडणाऱ्या) काडतुसाची अर्धस्वयंचलित, म्हणजे दर वेळी चाप ओढल्यावर एक गोळी झाडणारी, रायफल असेल, तिचे मॅगझिन (गोळ्यांची पेटी) सुटे निघत असेल आणि तिला खाली आलेली पिस्तुलासारखी मूठ, अंगठा घालायला भोक असलेला दस्ता (खांद्याला टेकवायचा भाग), दुमडणारा किंवा लांब-आखूड होणारा दस्ता, नळीच्या टोकाची ज्वाला लपवणारा फ्लॅश सप्रेसर, पुढची मूठ किंवा ग्रेनेड लाँचर यांपैकी एक जरी गोष्ट असेल, तरी ती रायफल राहत नाही, असॉल्ट वेपन होते. ती घेऊन राज्याच्या हद्दीत पाऊल ठेवणे हा गुन्हा आहे. ग्रेनेड लाँचर माझ्याकडे नव्हता, एवढाच काय तो दिलासा.

मुठीबद्दल कायदा म्हणतो की ती 'ठळकपणे' खाली आलेली नसावी. आता ठळकपणे म्हणजे किती, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यालाही पडला असावा, कारण त्याचे उत्तर नियमावलीत स्वतंत्रपणे दिलेले आहे: गोळी झाडताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधले बेचके जर चापाच्या उघड्या भागाच्या वरच्या टोकाखाली जात असेल, तर मूठ ठळक. हे वाक्य मी पाच वेळा वाचले आणि मग स्वयंपाकघरातून पळी आणून ती वेगवेगळ्या तऱ्हांनी धरून पाहिली. बायको आत आली तेव्हा मी एक डोळा मिटून, पळी खांद्याला लावून, स्वतःच्या अंगठ्याकडे तिरका बघत होतो. तिने काही न बोलता माझ्या हातातली पळी काढून घेतली, कारण आमटी लागत होती.

रेंजवर कॅलिफोर्नियातून निवृत्त होऊन आलेले एक गृहस्थ होते. माझी बदली कळल्यावर, डॉक्टरकीला लागलेल्या मुलाला जुन्या डॉक्टराने एकेक रोगी दाखवावा तसा त्यांनी माझा वर्ग घेतला. एकेकाळी तिथे अवजाराशिवाय न निघणारे मॅगझिन हे सुटे मानले जात नसे, आणि गोळीचे टोक हे अवजार मानले जाई. तेव्हा कारखानदारांनी मॅगझिन सोडण्याचे असे बटण काढले की ते बोटाने दाबता येत नसे, पण गोळीच्या टोकाने सहज दाबले जाई. त्याचे नावच 'बुलेट बटण' पडले. कायद्यात भोक पाडण्यासाठी खुद्द गोळीच वापरणाऱ्या त्या अज्ञात बुद्धिमंताला आमच्याकडे नक्कीच बांधकाम खात्यात कंत्राट मिळाले असते. २०१६ मध्ये राज्याने ही पळवाट बुजवली आणि अशा रायफलींच्या मालकांना ३० जून २०१८ पर्यंत ऑनलाइन नोंदणी करायला सांगितले. शुल्क १५ डॉलर आणि छायाचित्रे चार: एक नळीच्या टोकापासून दस्त्याच्या टोकापर्यंत, एक डावीकडून, एक उजवीकडून आणि एक खास बटणाचे. स्थळ म्हणून मुलीचे फोटो पाठवतात त्यात आणि यात फरक एवढाच की साडीऐवजी बटण. शेवटच्या आठवड्यात संकेतस्थळ इतके मंदावले की अनेकांचे अर्ज अर्ध्यात राहिले, आणि गृहस्थांच्या सांगण्यानुसार त्यावरून खटलाही सुरू होता. (तो पुढे तडजोडीत मिटला आणि १३ जानेवारी ते १२ एप्रिल २०२२ या काळात खिडकी पुन्हा उघडली.) मला मात्र ही वाट बंद होती. राज्याबाहेरून येणाऱ्याने एकतर मॅगझिन कायमचे बसवून टाकावे, नाहीतर रायफलीचे सगळे दोष काढून टाकावेत. अशा रायफलीला तिकडे 'फीचरलेस' म्हणतात. मी दुसरा मार्ग पत्करला.

मेच्या अखेरीपासून आमच्या गॅरेजात शस्त्रक्रिया सुरू झाली. मुठीच्या जागी जी वस्तू बसवतात तिला 'फिन ग्रिप' म्हणतात. मुठीच्या मागून माशाच्या परासारखा एक प्लॅस्टिकचा पाखा बाहेर आलेला असतो. त्यामुळे अंगठा मुठीभोवती वळतच नाही, तो बाकीच्या बोटांच्या बाजूलाच आखडून उभा राहतो आणि बेचके आपोआप वर सरकते. इस्त्रीच्या मुठीला कोणीतरी कासवाचा पाय चिकटवावा, तशी ती दिसत होती. पाहुण्यांच्या घरी चहाचा कप धरताना करंगळी वर ठेवणाऱ्या माणसाला हिची सवय लवकर होत असावी. दस्ता सहा खाचांवर मागेपुढे व्हायचा, तो एका खाचेवर पिन ठोकून अचल केला. बायकोची उंची माझ्यापेक्षा सात इंचांनी कमी असल्याने तिने यापुढे माझ्या मापाच्या दस्त्यानेच नेम धरावा, असा त्याचा अर्थ झाला.

सर्वांत जास्त छळले ते नळीच्या टोकाने. फ्लॅश सप्रेसर काढून मझल ब्रेक (बंदुकीचा धक्का कमी करणारे नळीचे टोपण) लावायचा, हे सोपे वाटत होते. पण नियमानुसार झाडताना दिसणारी ज्वाला जाणवण्याइतकी कमी करणारे साधन हे सप्रेसरच, मग ते कशासाठीही बनवलेले असो, आणि जाहिरातीत तसा गुण सांगितला असला तरीही तेच. त्यामुळे खरेदी करताना मी, जगात बहुधा पहिल्यांदाच, ज्या वस्तूच्या जाहिरातीत तिचे कमीत कमी गुण सांगितले आहेत ती शोधत होतो. मिळालेला ब्रेक ज्वाला अजिबात लपवत नाही. तो आवाज मात्र दुप्पट असल्यासारखा दोन्ही बाजूंना फेकतो, आणि रेंजवर माझ्या शेजारच्या मार्गिका आपोआप रिकाम्या होऊ लागल्या.

४ जूनच्या शुक्रवारी मी पिन ठोकून हात पुसत होतो, तेव्हा फोनवर बातमी आली की सॅन डिएगोच्या संघीय न्यायाधीशांनी हा सगळा कायदाच घटनाबाह्य ठरवला आहे. निकालपत्राच्या पहिल्याच वाक्यात त्यांनी या रायफलीची तुलना स्विस आर्मी चाकूशी केली होती. मी पिनेकडे पाहिले. ती काढण्यासाठी दस्ता फोडावा लागला असता. निकालाची अंमलबजावणी त्यांनी स्वतःच तीस दिवस लांबवली होती, आणि २१ जूनला वरच्या कोर्टाने तो स्थगितच केला. त्या सतरा दिवसांत मी गॅरेजात गेलो नाही. आपली चूक झाली की नाही हेच ठरत नसेल, तर माणसाने पश्चात्ताप तरी कशाचा करावा?

त्याच सुमारास काकांचा फोन आला. त्यांच्याकडे बाराबोअर आहे, रानडुकरे उसात शिरतात म्हणून आजोबांच्या काळापासून परवाना आहे, आणि त्याच्या नूतनीकरणाच्या फायलीने घरातले अर्धे कपाट अडवले आहे.

"आमच्याकडं निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की पावती दाखवून आणायची," काका म्हणाले. "तुमच्याकडं काय करत्यात?"

"काका, आमच्याकडं तिला पाखा बसवतात."

बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग त्यांनी विचारले, "लेका, तब्येत बरी हाय न्हवं?"

निघण्याच्या आदल्या रात्री लांबी मोजली. रायफल तीस इंचांपेक्षा आखूड असता कामा नये, आणि मोजताना नळीवर कायमचे न जोडलेले साधन धरायचे नाही, म्हणून ब्रेक काढून ठेवला. टेप बायकोच्या शिवणकामाच्या डब्यातली, एका बाजूला सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला इंच. मी चुकीची बाजू वाचून आधी ऐंशीच्या पुढचा आकडा सांगितला, तेव्हा ती म्हणाली की एवढ्या लांबीत परकर होतो. खरी लांबी तेहतीस इंचांच्या वर भरली. तीस गोळ्यांची दोन मॅगझिने, दहापेक्षा जास्त गोळ्या मावणारे काही तिकडे नेता येत नसल्यामुळे, त्या निवृत्त गृहस्थांना दिली.

न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ओलांडून आम्ही तिसऱ्या दिवशी कॅलिफोर्नियात शिरलो. कुलूपबंद पेटीत रिकामी रायफल, दाराच्या कप्प्यात कायद्याच्या छापील प्रती, आणि माझ्या तोंडी पाठ केलेली उत्तरे. राज्याच्या सीमेवर गाड्या थांबवणारा एक शेतकी तपासणी नाका असतो. खाकी शर्टातल्या बाईंनी खिडकीत वाकून अत्यंत सौजन्याने विचारले, "काही फळे, भाज्या, रोपे?" मी तोंड उघडून 'सेंटरफायर' म्हणणार, इतक्यात त्यांची नजर मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून बसवलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीवर गेली. लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही जगते, त्यामुळे दाखल्याशिवाय रोप राज्यात येऊ शकत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. नऊ वर्षांचे झाड कुंडीसकट उतरवले गेले. रायफलीबद्दल कोणी एक शब्दही विचारला नाही. पुढचे दोनशे मैल बायको माझ्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा म्हणाली, "तू बंदुकीचे तीनशे कागद वाचलेस. एक कागद कढीपत्त्याचा वाचला असतास तर?"

नव्या रहिवाशाने साठ दिवसांच्या आत आपल्या बंदुकांची माहिती राज्याला कळवायची असते. शुल्क १९ डॉलर. कारखाना, मॉडेल, कॅलिबर, नळीची लांबी, क्रमांक हे सारे मी भिंग घेऊन उतरवले. चूक झाली ती स्वतःचे नाव लिहिताना. इकडे मधले नाव म्हणजे हौसेचे दुसरे नाव, आपल्याकडे मधले नाव म्हणजे वडील. माझ्या पासपोर्टावर मी आणि वडील एकाच रकान्यात राहतो आणि पासपोर्टावरून निघालेल्या नव्या ड्रायव्हिंग लायसन्सवरही तसेच राहायला गेलो. बंदुकीच्या अर्जात मात्र मी शहाणपणा करून वडिलांना त्यांच्या स्वतंत्र रकान्यात बसवले.

परिणाम महिनाभराने काडतुसांच्या दुकानात दिसला. तिकडे २०१९ पासून गोळ्या घेतानाही तपासणी सुरू झाली होती. तुमच्या नावावर बंदूक नोंदलेली असेल तर तेव्हा एक डॉलरमध्ये काही मिनिटांत काम होई, फक्त नाव आणि पत्ता नोंदीशी तंतोतंत जुळावा लागे. दुकानदाराने संगणकाकडे पाहून मान हलवली. नोंदीतला मी आणि लायसन्सवरचा मी या दोन व्यक्ती ठरल्या होत्या. दुसरा मार्ग १९ डॉलरची सविस्तर तपासणी, आणि तिला काही दिवस लागत. मी पैसे भरले. वडिलांना फोनवर सांगितले की तुमच्यामुळे मला गोळ्या मिळत नाहीत, तर ते म्हणाले, "बरंच झालं."

गोळ्या मिळाल्या तो शनिवार होता. रेंजवर आखडलेल्या अंगठ्याने झाडलेल्या पहिल्या पाच गोळ्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यात गेल्या. घरी आलो तर खिडकीत कढीपत्त्याचे वीतभर रोप ठेवलेले होते. त्याच्या देठाला नर्सरीची चिठ्ठी बांधलेली होती: या विभागाबाहेर नेण्यास मनाई. बायकोने ती सोडवली, तिला पंचने दोन भोके पाडली आणि रायफलीच्या फायलीत सगळ्यात वर लावली.