व्हिनेगर, सोडा आणि खिडकीची काच : एका फिरत्या कृतीचा प्रतिवाद

खिडक्यांच्या काचा साफ करण्यासाठी घरच्या घरी द्रव तयार करण्याची एक कृती सध्या मोबाइलवरून मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवली जाते. तिचा आशय असा : एक कप पाणी, एक कप पांढरे व्हिनेगर, दोन चमचे खाण्याचा सोडा, एका लिंबाचा रस आणि भांडी घासण्याच्या लिक्विडची एक धार असे सगळे एकत्र करून स्प्रेच्या बाटलीत भरावे, फेस आला म्हणजे द्रवात ताकद आली असे समजावे, सर्व घटक स्वयंपाकघरातले असल्याने त्यापासून कसलाही अपाय नाही, शिवाय जंतूही मरतात, काच, आरसा, मोबाइल, टीव्ही असे काहीही त्याने पुसावे, आणि डाग जुना असेल तर त्यातच थोडे ब्लीच घालावे. घरगुती द्रवाला माझा विरोध नाही. बाजारात मिळणाऱ्या बाटलीतही बहुतांश पाणीच असते, त्यात लवकर उडून जाणारे एखादे द्रावक आणि अगदी थोडा मळ सोडवणारा घटक घातलेला असतो, आणि हे घरी सहज साधता येते. परंतु या कृतीतली एक सूचना जिवावर बेतणारी आहे आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच सूचना काच आणखी धूसर करणाऱ्या आहेत.

शेवटच्या सूचनेचा विचार आधी करणे भाग आहे. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. त्यात व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, म्हणजे कोणतेही आम्ल, मिसळले की क्लोरीन वायू बाहेर पडतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्र येथे शस्त्र म्हणून सोडण्यात आला होता. घरातल्या बाटलीतून त्या प्रमाणात वायू निघत नाही हे खरे असले, तरी दार लावलेल्या न्हाणीघरात आरसा पुसणाऱ्या माणसाचे डोळे, घसा आणि फुप्फुसे होरपळायला थोडासा वायूही पुरतो, आणि दम्याच्या रुग्णाला तर त्याहून कमी पुरतो. व्हिनेगर वगळून ब्लीचमध्ये बाजारचा काच साफ करण्याचा द्रव घालणे हाही पर्याय नव्हे, कारण अशा काही द्रवांत अमोनिया असतो आणि ब्लीचशी त्याचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाचे तितकेच घातक वायू तयार होतात. चुकून असे मिश्रण झालेच, तर त्यावर आणखी काही ओतून ते शमवण्याच्या फंदात पडू नये. तत्काळ खोलीबाहेर मोकळ्या हवेत यावे, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. काचेच्या सफाईत ब्लीचचे काही कामच नाही, कारण काचेवरचा मळ हा धूळ, तेलकटपणा आणि पाण्यातले क्षार यांचा असतो, आणि यांपैकी काहीही काढण्यासाठी ब्लीच लागत नाही.

आता फेसाकडे वळू, कारण या कृतीवर लोकांचा विश्वास बसतो तो फेसामुळेच. व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की ती दोन्ही एकमेकांना उदासीन करतात आणि मागे राहते पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि सोडियम ॲसेटेट नावाचा क्षार. नेहमीच्या व्हिनेगरमध्ये हे आम्ल साधारण ५ टक्के असते, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम, आणि ते संपवायला सुमारे ७ ग्रॅम सोडा पुरतो. याचा अर्थ असा, की फेस जितका अधिक येईल तितके उपयोगी आम्ल खर्ची पडलेले असते आणि तितका सोडाही वाया गेलेला असतो. उभ्या काचेवर बुडबुड्यांनी मळ उखडला जातो ही समजूतही टिकत नाही. द्रव काचेपर्यंत पोहोचेतो बहुतेक वायू बाटलीतच निघून गेलेला असतो. विरलेला क्षार मात्र द्रवात शिल्लक असतो, आणि पाणी उडून गेले की तो काचेवर पांढुरक्या थराच्या रूपाने बसतो. समोरून पाहिले तर काच स्वच्छ भासते. पण उन्हाची तिरीप तिरकी आली की फडका जसा फिरला असेल तशा कमानीसारख्या रेघा उमटलेल्या दिसतात, आणि त्यांवरून बोट फिरवले तर बोटाला किंचित भुकटी लागते. ही रेघ घालवण्यासाठी माणूस पुन्हा तोच द्रव फवारतो आणि थर आणखी वाढवतो.

त्यातही हे मिश्रण बाटलीत बंद करून ठेवण्याचा सल्ला धोक्याचा आहे. वर दिलेल्या प्रमाणात १०० मिलिलिटर व्हिनेगर आणि ७ ग्रॅम सोडा यांच्यापासून जवळजवळ दोन लिटर वायू तयार होतो. फेस निवण्याआधीच झाकण घट्ट लावले, तर बाटली फुगते, झाकण उडते, आणि आतला द्रव थेट डोळ्यांत जाऊ शकतो.

व्हिनेगरच्या बाजूने जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे. जड पाण्याचे थेंब काचेवर वाळले की कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट मागे राहतात, आणि ते आम्लात विरघळतात. म्हणून पाण्याच्या डागांवर व्हिनेगरसारखा स्वस्त आणि सोपा उपाय क्वचितच सापडेल. ते सोड्याविना वापरावे, डागावर काही मिनिटे ओले राहू द्यावे आणि मग पुसावे. वर्षानुवर्षे साचलेल्या डागांत सिलिका मुरलेली असेल, किंवा काचेचा पृष्ठभागच झिजलेला असेल, तर मात्र व्हिनेगरही हतबल ठरते. तसेच तेलकट मळ आम्लाने सुटत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीवर बसणारा चिकट थर काढायला लिक्विडचा थेंब किंवा अल्कोहोलच लागते, आणि तिथे नुसते व्हिनेगर फवारत बसले की थर इकडून तिकडे पसरतो एवढेच.

लिक्विडचा थेंब म्हटले, धार नव्हे. पाव लिटर द्रवाला एक थेंब पुष्कळ होतो, त्याहून अधिक पडले की ते निथळत नाही आणि वाळून चिकट पापुद्रा धरते. त्याच्या जागी खरा साबण, म्हणजे तेल आणि अल्कली यांपासून केलेला साबण, वापरला तर अवस्था आणखी बिकट होते : व्हिनेगरमधल्या आम्लामुळे साबणाचे परत स्निग्ध आम्लांत रूपांतर होते, द्रव नासल्यासारखा गुठळ्या धरतो, आणि त्याच गुठळ्या काचेला तुपकट होऊन चिकटतात. लिंबाचा रस घालण्याचेही कारण दिसत नाही. त्यातले सायट्रिक आम्ल व्हिनेगरचेच काम करते, पण त्याबरोबर साखर आणि गर येतो. तो स्प्रेची नळी तुंबवतो आणि काही दिवसांत बाटलीत बुरशी धरतो.

स्वयंपाकघरातला पदार्थ म्हणून तो निर्धोक, हा युक्तिवाद माणसाच्या पोटापुरता कदाचित चालेल, घरातल्या वस्तूंना तो लागू होत नाही. खिडकीखाली संगमरवराची किंवा चुनखडीच्या दगडाची पट्टी असेल, तर तिच्यावर ओघळलेले व्हिनेगर तिची झिलई खाते, आणि तो डाग मळाचा नसून दगडच झिजलेला असल्याने पुसून जात नाही. आरशाबाबत तर विशेष जपावे. त्याच्या पाठीवर धातूचा पातळ लेप असतो, आणि द्रव थेट आरशावर फवारला की तो खालच्या कडेला साचून फटीतून मागे झिरपतो. कडेपासून आत पसरत जाणारे काळे चट्टे पुष्कळदा अशा झिरपलेल्या ओलीचे असतात. द्रव फडक्यावर घ्यावा आणि मग आरसा पुसावा, इतके पथ्य पुरेसे आहे. मोबाइल आणि टीव्हीच्या पडद्यांवर तेल न धरणारा किंवा चकाकी कमी करणारा लेप असतो. त्यांवर व्हिनेगर, सोडा आणि अमोनिया यांपैकी काहीही लावू नये. पाण्याने किंचित ओलसर केलेला मऊ फडका बहुतेक वेळा पुरतो.

जंतू मरतात हा दावा सोडून द्यावा. ५ टक्के आम्लाचे व्हिनेगर काही जंतूंना आवर घालते, पण ते भरवशाचे जंतुनाशक नाही, आणि सोड्याने उदासीन केल्यावर तर तेवढाही गुण उरत नाही.

कृतीत काय घालायचे यावर एवढा भर आहे, पण पुसायचे कसे याबद्दल अवाक्षर नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो. काच चमकते ती तिच्यावर मागे काही न राहिल्यामुळे. आधी कोरड्या फडक्याने धूळ झाडावी, नाहीतर तिचा चिखल होऊन चौकटीच्या कोपऱ्यांत जातो. भर उन्हात तापलेल्या काचेवर द्रव पुसण्याआधीच वाळतो, म्हणून सावली येईपर्यंत थांबावे. मोठ्या काचेवर रबरी वायपर वरून खाली ओढावा, प्रत्येक ओढीनंतर त्याची पाती पुसावी, आणि लहान तावदानांना मायक्रोफायबरचे दोन फडके घ्यावेत, एक ओला आणि एक कोरडा. वर्तमानपत्राचा कागद पाणी शोषतो हे खरे, पण त्याची शाई हाताला आणि पांढऱ्या चौकटीला लागते.

ज्यांना द्रव घरीच करायचा आहे त्यांनी २०० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर पांढरे व्हिनेगर आणि हवा असल्यास लिक्विडचा एक थेंब घालावा. नळाचे पाणी जड असेल तर डिस्टिल्ड पाणी घ्यावे, नाहीतर आपण काढत असलेले क्षारच आपल्या हाताने परत काचेवर जातात. तेलकट काचेसाठी पाणी आणि ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल समप्रमाणात घेऊन त्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालावे. हा द्रव झटकन उडून जातो, त्यामुळे रेघा फारशा राहत नाहीत. पण तो पेटही घेतो, म्हणून गॅस बंद करून, खिडकी उघडी ठेवूनच तो वापरावा. बाटली नवी किंवा धुऊन स्वच्छ केलेली असावी, ब्लीचची जुनी बाटली तर मुळीच नको. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीतही हा द्रव कधी भरू नये, आणि आत काय आहे ते बाटलीवर ठळक अक्षरांत लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी.