तापमान वाढवलं की झालं?

हाय-एन्ट्रॉपी मिश्रधातू (पाच किंवा जास्त धातू साधारण सारख्या प्रमाणात मिसळून केलेले) आणि त्यांचं सिंटरिंग (धातूची पावडर न वितळवता भाजून एकसंध करणं) यावर एक लेख वाचला. 'सिंटरिंगचं तापमान जितकं जास्त, तितका हाय-एन्ट्रॉपी मिश्रधातू मजबूत' हे त्या लेखातलं विधान अर्धवट आहे. पावडरमधली छिद्रं बुजतात, घनता वाढते, इथपर्यंत ठीक. पण त्याच उष्णतेनं आतले स्फटिककण फुगतात आणि कठीणपणा उतरतो. कोबाल्ट-क्रोमियम-लोह-मँगनीज-निकेल या २००४ पासून गाजलेल्या मिश्रधातूत तर व्हॅक्यूममध्ये मँगनीजच उडायला लागतं, मग पाच धातूंचं प्रमाण राहिलं कुठे?

इथे बेळगावात, उद्यमबागेत, आम्ही साधे लोखंडी पावडरचे बुश (फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या पोकळ नळ्या) भाजतो. भट्टी जरा जास्त चढली की बुश आकसतो, भोकाचं माप तपासायचा प्लग गेज आत शिरत नाही (तेव्हा साहेबांचा चेहरा बघावा!). तापमानाबरोबर वेळ आणि दाबही लेखात यायला हवे होते. स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगचं (पावडर दाबून धरून विजेच्या प्रवाहानं झटपट तापवण्याच्या पद्धतीचं) कौतुक त्यासाठीच आहे: दाबाखाली काही मिनिटांत काम उरकतं, स्फटिककणांना वाढायला सवडच मिळत नाही.