कोरस विकायला टाटा स्टीलनं फार उशीर केला

टाटांचा विषय निघाला की आपल्याकडे लोक हळवे होतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. टाटा स्टीलचे थोडे शेअर्स माझ्याकडेही आहेत आणि ते विकायचा माझा विचार नाही. पण कोरसबद्दल, म्हणजे टाटा स्टीलनं २००७ मध्ये विकत घेतलेल्या ब्रिटिश-डच पोलाद कंपनीबद्दल, माझं मत पक्कं आहे: ती कंपनी २०१०-११ च्या सुमारासच, तुकड्यातुकड्यानं का होईना, विकून मोकळं व्हायला हवं होतं.

तो लिलाव आठवतोय का? ऑक्टोबर २००६ मध्ये टाटांनी शेअरमागे ४५५ पेन्स देऊ केले होते. मध्ये ब्राझीलची पोलाद कंपनी सीएसएन उतरली आणि नऊ फेऱ्यांनंतर, ३१ जानेवारी २००७ ला, भाव ६०८ पेन्सवर थांबला. सीएसएन ६०३ पर्यंत आली होती. म्हणजे पहिल्या बोलीपेक्षा एक तृतीयांश जास्त, एकूण सुमारे ६२० कोटी पौंड. जुनी ब्रिटिश स्टील कोरसच्या पोटात होती, त्यामुळे आपल्याकडे छात्या फुगल्या. स्वतःच्या चौपट मोठी कंपनी घेतली, जगात पहिल्या सहांत गेलो, वगैरे. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे मात्र ते होतं, आणि ते पुढे वर्षानुवर्षं फेडावं लागलं.

मुळात जोडीच विजोड होती. जमशेदपूरची खरी ताकद म्हणजे स्वतःच्या लोहखनिजाच्या खाणी, नोआमुंडी आणि जोडा. कोरसकडे एकही खाण नाही, सगळं खनिज बाजारभावानं विकत घ्यायचं. खनिज महागलं की भारतातला धंदा सुखात आणि युरोपातला गाळात. भारतात स्वस्तात कच्चं पोलाद बनवायचं आणि युरोपात त्याचा उंची माल करायचा, हा बेत कागदावर झकास होता. प्रत्यक्षात भारतातच पोलादाची मागणी वाढत गेली, मग इथला माल तिकडे कशाला पाठवायचा? त्यात २००८ चं आर्थिक संकट आलं आणि युरोपातली मागणी बसली.

म्हैस दुभती असताना बाजारात न्यायची की भाकड झाल्यावर? कोरसचा इंग्लंडमधला टीसाइडचा कारखाना २०११ मध्ये थायलंडच्या एसएसआय या पोलाद कंपनीला ४६.९ कोटी डॉलरला विकला, तो सौदा शहाणपणाचा होता. तिथेच थांबायला नको होतं. उलट २०१३ मध्ये वेल्समधल्या पोर्ट टॅलबट कारखान्याची चार नंबरची ब्लास्ट फर्नेस (लोखंड वितळवणारी भट्टी) साडेअठरा कोटी पौंड घालून नव्यानं उभी केली. त्याच वर्षी मुख्यतः युरोपच्या धंद्यापोटी १६० कोटी डॉलर पुस्तकातून पुसून टाकावे लागले. ती भट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला कायमची बंद झाली.

मार्च २०१६ मध्ये ब्रिटनचा धंदा विकायचं अखेर ठरलं. बोर्डाची बैठक मुंबईत, आणि वेल्सचे खासदार आणि युनियनचे पुढारी धावत मुंबईत आलेले. तोवर गिऱ्हाईक कुठे उरलं होतं? इंग्लंडमधला स्कनथॉर्पचा कारखाना आणि त्यासोबतचा धंदा ग्रेबुल कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला गेला एका पौंडाला. हो, एका पौंडाला. आणि उरलेल्या धंद्याला चिकटलेली होती जुनी पेन्शन योजना, सुमारे १५०० कोटी पौंडांच्या देण्याची. कारखाना फुकट घेणारा एखादा सापडेल, पण पेन्शनीचं ओझं कोण अंगावर घेणार? २०१७ मध्ये ५५ कोटी पौंड रोख आणि ब्रिटनमधल्या कंपनीतला ३३ टक्के हिस्सा देऊन टाटांनी त्यातून अंग काढून घेतलं. पुढे जर्मन पोलाद कंपनी थायसेनक्रुपशी युरोपातला धंदा एकत्र करून संसार मांडायचा घाट २०१९ मध्ये युरोपियन कमिशननं हाणून पाडला. २०२१ च्या जानेवारीत स्वीडनची पोलाद कंपनी एसएसएबीही कोरसच्या नेदरलँड्समधल्या आयमाउडन कारखान्याच्या खरेदीच्या बोलण्यांतून उठून गेली.

विकायला इतका उशीर का झाला? माझ्या मते पैशापेक्षा प्रतिष्ठा आड आली. ज्या खरेदीवर टाळ्या पडल्या तीच चुकली, असं बोर्डरूममध्ये कोण म्हणणार? टाटा समूहाचे अध्यक्ष सायरस मिस्त्री यांनी पद गेल्यावर लिहिलेल्या पत्रात समूहातल्या ज्या पाच अवघड जागांची नावं घेतली त्यांत टाटा स्टील युरोप, म्हणजे पूर्वीची कोरस, होतं. त्या भांडणात कोण बरोबर, हा वाद मी इथे उकरत नाही. पण ते नाव त्या यादीत आल्याचं आश्चर्य कुणालाच वाटलं नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला खरंच छळते. टीसाइड घेतलेली एसएसआय २०१५ मध्ये बुडाली आणि कारखाना बंद पडला. ग्रेबुलच्या हातातली स्कनथॉर्प २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली, मग चीनच्या जिंग्ये या पोलाद कंपनीकडे, आणि एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारलाच ताबा घ्यावा लागला. म्हणजे विकणारा सुटला, कामगार सुटला नाही. पोर्ट टॅलबट टाटांकडेच राहिलं, तर तिथे सरकारच्या ५० कोटी पौंडांसह सव्वाशे कोटी पौंडांची विजेची भट्टी उभी राहते आहे. पण तिथेही २८०० पर्यंत नोकऱ्यांवर पाणी सोडावं लागणारच होतं. त्यामुळे ‘ठेवलं म्हणजे माणसं वाचली’ हे मला पटत नाही. लवकर विकलं असतं तर चांगला मालक निवडायला वाव होता. एका पौंडाला विकणाऱ्याला निवड कसली?

फोर्डचं उदाहरण आपल्या टाटांनीच तर जवळून पाहिलंय. जॅग्वार १९८९ मध्ये आणि लँड रोव्हर २००० मध्ये घेऊन फोर्डनं दोन्ही मिळून ५०० कोटी डॉलरच्या वर मोजले होते, आणि २००८ मध्ये टाटा मोटर्सला २३० कोटींत दिल्या. तोटा झाला, नाचक्की झाली. पुढच्याच वर्षी जीएम आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या, फोर्ड गेली नाही. आणि गाड्यांना निगुतीनं सांभाळणारा मालक मिळाला.

राहता राहिलं आयमाउडन. ब्रिटनपेक्षा तो कारखाना कितीतरी बरा, बंदराला लागून, माल चांगला. पण प्रदूषण कमी करायला तिथेही भट्ट्या बदलाव्या लागणार, म्हणजे पुन्हा प्रचंड पैसा, पुन्हा सरकारशी वाटाघाटी. माझं म्हणणं एवढंच की तो पैसा ओतण्याआधी एकदा बाजारात किंमत विचारून पाहावी. ओडिशातल्या आपल्या कलिंगनगर कारखान्याला वाढीला जागा आहे, खाणी घरच्या आहेत, गिऱ्हाईक दारात आहे. पुढच्या एजीएमला, म्हणजे भागधारकांच्या वार्षिक सभेला, मी हाच प्रश्न विचारणार आहे. तुमच्यापैकी कुणाकडे शेअर्स असतील आणि मत वेगळं असेल तर खाली लिहा, फक्त ‘टाटांना शिकवायला निघालात का’ एवढंच लिहू नका.