औषधाआधी पान उलटून पाहा : क्विनोआवरच्या करड्या बुरशीबद्दल एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. क्विनोआ या बारीक दाण्याच्या पिकावर येणाऱ्या करड्या बुरशीबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. एक, हा रोग थंड, दमट मुलखातला, कोरड्या मराठवाड्यात त्याची भीती घालू नका. दोन, पानावर करडं दिसलं की मेटॅलॅक्झिल-मँकोझेब हे बुरशीनाशक मारावं, विषय संपला. आणि तीन, लेखात एकाही औषधाचं नाव नाही, म्हणजे तो शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही. मधल्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण शेतकऱ्याचा पैसा तिथेच वाया जातो.

तुम्ही म्हणता ते पानावरचं करडं बहुतेक वेळा केवडा (डाऊनी मिल्ड्यू) हा वेगळाच रोग असतो. पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर किंवा गुलाबी डाग पडतो आणि पान उलटलं की त्याच्या खालीच करडी-जांभळट बुरशी दिसते. त्यावर मेटॅलॅक्झिल चालतं. करडी बुरशी वेगळी, तिचं नाव बोट्रायटिस सिनेरिया. तिचा जोर खोडावर आणि कणसावर. आधी पाणी मुरल्यासारखा तपकिरी चट्टा, मग त्यावर राखेच्या रंगाची लव. कणसाला टिचकी मारली की धूर उडावा तशी भुकटी उडते. खोडाला चट्टा लागला की झाड तिथून वाकतं, मोडतं. या बुरशीवर मेटॅलॅक्झिलचा काहीच परिणाम होत नाही. पंप पाठीवर घेऊन दिवसभर फिरा, बुरशी आहे तिथेच राहणार.

आणखी एक गोष्ट. क्विनोआच्या कोवळ्या पानावर चाकवतासारखीच पांढरी-गुलाबी पिठी असते. ती झाडाची स्वतःची आहे. तिला भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) समजून गंधक मारू नका.

शंका असेल तर कणसाचा तुकडा ओल्या कागदासोबत पिशवीत बांधून घरात ठेवा. एक-दोन दिवसांत राखाडी लव आली तर संशय बळावतो. नक्की निदानासाठी नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात दाखवा.

आता हवामान. मराठवाडा कोरडा आहे, हे खरंच. पण बुरशी जिल्ह्याचा पाऊस बघत नाही, ती कणीस किती तास ओलं राहिलं ते बघते. पंधरा ते पंचवीस अंश तापमान आणि रात्रभराचा ओलावा तिला पुरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेलं पीक डिसेंबर-जानेवारीत कणसावर असतं. तेव्हा आभाळ येतं, धुई पडते, आणि वर आपण स्प्रिंकलर चालवतो, तोही रात्री, कारण लाईट रात्रीची. दाट पेरणी असेल तर सकाळी दहा वाजले तरी आतली कणसं वाळत नाहीत. वरून अवकाळी पाऊस आला तर विचारायलाच नको. गारांनी जखमा झालेल्या झाडात बुरशी सहज शिरते, आणि 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही.

औषधाचं नाव मी जाणूनबुजून टाळलं. डब्याच्या लेबलावर क्विनोआ नसेल तर मात्रा किती आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे कशाच्या आधारावर सांगू? क्विनोआचा दाणा उघड्या कणसात असतो. उशिरा केलेली फवारणी थेट खाणाऱ्याच्या ताटात जाते. दुकानात हमखास हातात पडणाऱ्या कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाला तर या बुरशीने जगभर द्राक्ष, स्ट्रॉबेरीत दाद देणं सोडलं आहे.

मग हातात काय उरतं? बरंच. विरळणी वेळेवर करा, दाटी ठेवू नका. युरिया जास्त झाला की झाड कोवळं, लुसलुशीत होतं, तेव्हा हात आखडता घ्या. कणीस बाहेर पडल्यावर पाणी सरीने किंवा ठिबकने द्या. स्प्रिंकलरशिवाय इलाज नसेल तर तो दिवसा, ऊन असताना चालवा. रोगट कणसं दव वाळल्यावर पिशवीतच कापा, म्हणजे भुकटी शेजारच्या झाडांवर उडणार नाही, आणि ती बांधावर न टाकता जाळा. धसकटातल्या काळ्या, टणक गाठींमध्ये ही बुरशी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. ती हरभऱ्यालाही लागते, म्हणून त्या रानात पुढच्या रब्बीत हरभरा नको, शाळू घ्या. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) वापरायचा तर रोग दिसण्याआधी, संध्याकाळी आणि रासायनिक बुरशीनाशकात न मिसळता.

पीक पिकलं की काढणी लांबवू नका, ओलं कणीस ढिगात ठेवू नका. भिजलं तर क्विनोआचा दाणा कणसातच मोड धरतो.

तुमच्या पिकाची पेरणी कधीची, दोन ओळींत अंतर किती आणि पाणी कशाने देता, ते कळवा. पानाच्या खालच्या बाजूचा आणि कणसाचा असे दोन फोटो टाकलेत तर तुमच्या रानात नेमकं काय आहे, यावर बोलता येईल.