दिवा जवळ आणला की वेग वाढतच जातो?

हायड्रिला या पाणवनस्पतीवर दिव्याचा उजेड पाडून तिच्यातून निघणारे वायूचे बुडबुडे मोजतात, त्या प्रयोगाबद्दल एक संदेश फिरतोय: दिवा जितका जवळ, तितका प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त. हे सरसकट खरं नाही. प्रकाश अपुरा असतो तोवरच वेग वाढतो. पुढे कार्बन डायऑक्साइडची कमतरता किंवा तापमान आडवं येतं आणि वेग एका पातळीवर अडकतो. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी १९०५ मध्येच हे मांडलं होतं.

शिवाय जवळचा दिवा पाणी तापवतो, म्हणजे एकाच वेळी दोन घटक बदलतात. उष्णता अडवायला दिवा आणि रोप यांच्या मध्ये पाण्याचं पारदर्शक भांडं ठेवा, कार्बन डायऑक्साइड कमी पडू नये म्हणून रोपाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घाला. छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट केलं की प्रकाश निम्मा नव्हे, साधारण एक चतुर्थांश उरतो.

आणि कृपया नुसते बुडबुडे मोजू नका! ते लहानमोठे असतात, त्यांत निव्वळ ऑक्सिजनही नसतो. अंशांकित बारीक नळीत वायू गोळा करून ठरावीक वेळेतलं आकारमान नोंदवा.