छे गं, कसला त्रास!

नणंदेचा फोन रोज रात्री साडेनऊला यायचा. "वहिनी, पोरं त्रास नाही ना देत?" समोर सोफ्यावर तीन मोबाइलमधून तीन वेगळी गाणी वाजत असायची आणि मी म्हणायचे, "छे गं, कसला त्रास!" सलग आठ दिवस हे खोटं बोलले.

चिपळूणहून भाचा आणि त्याचे दोन मित्र मुलाखतींसाठी आले होते. दोन दिवस म्हणून आले, एकोणीस दिवस राहिले. आमचं डोंबिवलीचं घर दोन बेडरूमचं, त्यातली एक सासूबाईंची. पोरं हॉलमध्ये. गुणी आहेत हं तिघंही. ताटं उचलतात, गीझर बंद करतात, सासूबाईंना गोळ्यांची आठवण करतात. पण हळू बोलणं म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. बाथरूमचं दार लावत नाहीत, आपटतात. खुर्ची उचलत नाहीत, ओढतात. आणि रात्री साडेअकरानंतर गेम सुरू. "अरे मागे बघ, मागे बघ! मेलो ना!" पहिल्या रात्री मी खरंच धावत बाहेर आले होते.

सासूबाईंचं बरं आहे. नऊ वाजले की कानातलं मशीन काढून डबीत ठेवतात. "काय शांत पोरं आहेत," असं त्या मलाच सांगायच्या.

चौथ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर खालच्या काकांचा मेसेज आला, नाव न घेता, की काही सभासद मध्यरात्री फर्निचर हलवतात. खुर्ची ओढल्याचा आवाज हवेपेक्षा स्लॅबमधून जास्त जातो, म्हणून आपल्याला किरकोळ वाटतो तो खालच्या घरात डोक्यावर घासतो. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातले, रबरबँड लावले, तो प्रश्न दहा मिनिटांत मिटला. पुढे त्याच ग्रुपवर कुणीतरी कायदा टाकला: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल. आता साधं बोलणंच साठच्या आसपास जातं. भाच्याला काय, डेसिबल मोजायचं यंत्र दाखवू?

मी काय केलं? तेच, जे आपल्याकडे बायका करतात. भांडी आपटली. पहाटे साडेपाचला कुकरची शिट्टी, मिक्सर, कढईवर झारा. पोरं ढिम्म हलली नाहीत. उठला तो नवरा.

त्याचं म्हणणं वेगळंच. "आपल्याला सवय राहिली नाही माणसांची. पूर्वी दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-पंधरा जण राहायचे, कुणी कुरकुर केली?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मला त्याचा भयंकर राग येतो, कारण माझे बाबा तशाच खोलीत राहिलेत. परळला, गिरणीत होते तेव्हा, आमच्या राजापूरकडच्या गावाच्या खोलीत. चौदा बाप्ये, भिंतीला लावलेल्या चौदा पत्र्याच्या ट्रंका. तिथे माणुसकी होतीच, पण नियम किती होते ते कुणी सांगत नाही. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या, त्यामुळे खोलीत कुणी ना कुणी कायम झोपलेला. रातपाळीवाला आत असेल तर बाकीच्यांनी बोलायचं ते गॅलरीत. पत्तेसुद्धा गॅलरीत. गावाहून नवा पोरगा आला की पहिल्याच संध्याकाळी त्याला ट्रंकेची जागा, अंथरुणाची जागा आणि हे सगळं ऐकवलं जायचं. आवाज केला तर सगळ्यांना चहा पाजायचा. बाबा म्हणायचे, पहिल्या पगारातले निम्मे पैसे चहातच गेले. नवा माणूस त्याने दुखावला वगैरे जायचा नाही. उलट आपण आता खोलीतले झालो, असं त्याला वाटायचं.

आणि आपण? "आपलंच घर समजा" म्हणतो, नियम एकही सांगत नाही आणि आठ दिवसांनी मनात हिशेब मांडून बसतो.

नवव्या रात्री सव्वा वाजता मी बाहेर जाऊन बसले. रागावले नाही, म्हणजे थोडीशी रागावले. म्हटलं, मी पाच वाजता उठते, मला झोप मिळत नाहीये. भाच्याचा चेहरा उतरला. "मामी, पहिल्याच दिवशी सांगायचं ना! तुम्ही काही बोलला नाहीत, आम्हाला वाटलं तुम्हाला चालतं." काय उत्तर देणार?

त्यांची बाजूही खरी आहे. विशीच्या आसपास माणसाचं झोपेचं घड्याळ आयुष्यात सगळ्यात उशिरा चालतं, पुढे वय वाढेल तसं लवकर झोप येऊ लागते. रात्री साडेअकरा ही त्यांची संध्याकाळ, माझी मध्यरात्र. म्हणजे आमच्याही घरात दोन पाळ्याच होत्या, फक्त कुणी भोंगा वाजवून सांगितलं नव्हतं.

मग ठरवलं. अकरानंतर हॉल बंद, गेम स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत, काचेचं दार ओढून. इअरफोन सक्तीचा. इथे एक गंमत झाली. इअरफोन घातल्यावर पोरं आणखी जोरात ओरडायला लागली! दोन्ही कानांत गेमचा आवाज भरला की आपला आवाज आपल्यालाच नीट ऐकू येत नाही, मग माणूस गळा काढतो. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती: एकच कान. त्यानंतर जमलं. दार मात्र शेवटपर्यंत आपटलं. त्यासाठी चहाचा दंड लावला आणि मित्रांपैकी एकाला आता आल्याचा फक्कड चहा येतो.

विसाव्या दिवशी दिव्याहून सकाळच्या सावंतवाडी गाडीने गेले. ते गेल्यावर घर कसं सुनं सुनं वाटलं, असं मी लिहिणार नाही. मी दुपारी तीन तास झोपले.

काल नणंदेचा फोन. धाकट्याला दिवाळीनंतर मुंबईत कसलासा कोर्स करायचाय, सोबत एक मित्र आहे. "चालेल ना गं वहिनी?"

म्हटलं, "पाठव की. पण आधी त्याला फोनवर दे जरा."