फारकत घ्याची हाय ना बाई? मग आज रात्रीच निघ

निकाल लागेपर्यंत थांबते कोण? भांडण झालं का त्याच पावली निघाचं, तेही शेवटची एसटी गेल्यावर, म्हणजे भावाले फटफटी घेऊन यावं लागते अन् पारावर बसलेलं अख्खं गाव पाह्यते, त्याशिवाय निघाल्यासारखं वाटत नाही.

सामान एक पिशवी पुरे. आधार कार्ड, पासबुक, पोरीचा जन्मदाखला सारं आलमारीत राहू दे, किल्ली सासूच्या कमरेले हाय, जपूनच ठेवतील त्या. लग्नाची नोंदणी केली नसेल तर पत्रिका अन् अल्बमही तिथंच सोड. सोन्याची, आंदणातल्या भांड्याची यादी तर करूच नको, स्त्रीधन कायद्यानं तुझंच हाय म्हणतात, पण पावती तुझ्या बाबानं कापसाच्या चुकाऱ्यासोबत कुठं ठेवली ते बाबालेच माहीत नाही. मी अशीच निघालती. माहेरी येऊन पिशवी उघडली तर लोणच्याची बरणी! (भांडण जेवताना झालं होतं, हाताले लागलं ते उचललं.)

(नवरा हात उगारत असेल तर ही सारी थट्टा सोड, पिशवीही सोड, आधी निघ अन् 112 नाहीतर 181 लाव.)

घर सासऱ्याच्या नावावर, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर तुझं नाव नाही, मग तुझा काय हक्क, असं पारावरचे वकील सांगतीलच, त्याईचंच ऐक. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम 17 हाय, घर कोणाच्याही नावावर असो, बाईले तिथं राहाचा हक्क हाय, अन् 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सासऱ्याच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकते असं सांगतलं, पण हे वाचत बसली तर तिकडं भाऊ खोळंबते ना. तालुक्याच्या विधी सेवा समितीत बाईले वकील फुकट मिळते, कमाई कितीही असो. त्यासाठी एक दिवस निंदणाची मजुरी बुडवाची म्हणजे काय येडेपणा हाय का!

राजीखुशीनं फारकत घ्याले आधी वर्षभर वेगळं राहावं लागते. वेगळं म्हणजे माहेरीच, असं धरून चाल. आपल्याकडं दोघं भाऊ एकाच घरात दोन चुली मांडून वीस-वीस वर्षं एकमेकाचं तोंड पाह्यत नाहीत, त्याईले सारं गाव वेगळे निघाले म्हणते, अन् सुप्रीम कोर्टानंही 1991 मध्ये तेच म्हटलं, एका छताखाली असले तरी नवरा-बायकोसारखे नांदत नसतील तर ते वेगळंच. पण चुलीचा खर्च कोण करते. पुढं अर्ज टाकला का आणखी सहा महिने, कोर्टानं सूट दिली तर गोष्ट निराळी, त्याले म्हणतात कूलिंग पिरियड. आमच्याकडं मे महिन्यात 45 डिग्री असते, नाव ठेवणाऱ्याले एकदा इकडं आणा.

अन् काऊन चालली हे कोणालेच सांगू नको, तक्रार नाही, चिठ्ठी नाही, मोबाईलवर मेसेजही नाही. मग तिकडून हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 चा कागद येते, नांदाले या. तू गेली नाही अन् दोन वर्षं उलटली का तेच कोर्टात म्हणतील, बायको काही कारण नसताना सोडून गेली, आता आम्हाले फारकत द्या. तू म्हणशील, मले हाकललं, साऱ्या गावानं पाह्यलं.

साक्षीले बोलावून पाहाय एकदा. त्या रात्री अख्खं गाव जागलीले गेलं होतं.